रिकाम्या सीटकडे

गाडी अजून वळणावरच होती, तेवढ्यात ओळंब्याने ती आवाजावरून ओळखली आणि तोंडाशी नेलेला चहाचा कप परत खाली ठेवला. अठ्ठावीस वर्षांत त्याने तो आवाज ऐकला नव्हता. ऐकला नव्हता म्हणजे कानावर पडू दिला नव्हता. गाडी याच शहरात, चार गल्ल्या पलीकडे, सुसाटच्या घराखालच्या गॅरेजात ताडपत्रीखाली उभी होती. महिन्यातून एकदा सुसाट ती चालू करतो आणि दहा मिनिटांनी बंद करतो, हे वर्कशॉपांच्या त्या अख्ख्या रस्त्याला ठाऊक होतं. ओळंब्यालाही ठाऊक होतं. त्याने फक्त त्या गल्लीतून जाणं सोडलं होतं.

ओळंबा हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. चाक उभं सरळ आहे की कललंय हे बघायला तो दोऱ्याला एक जड नट बांधून चाकासमोर लोंबता सोडायचा, गवंडी भिंतीला सोडतो तसा, म्हणून सुसाटने चेष्टेने ते नाव ठेवलं आणि ते चिकटलं. सुसाटला सुसाट कुणी म्हटलं हे वेगळं सांगायला नको. फिटंफाट झाली होती. आता वर्कशॉप पुतण्याचं होतं, आत संगणकाचं अलाइनमेंट मशीन होतं, आणि चौसष्ट वर्षांचा ओळंबा दारापाशी स्टुलावर बसून येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांना नावं ठेवायचा. पुतण्या याला काकांचं मार्गदर्शन म्हणत असे.

गाडी दारात थांबली. दोन दारांची, दोनच सीटची, जमिनीला पोट टेकेल इतकी खाली बसवलेली, शेवाळी हिरव्या रंगाची. रंग जागोजागी पिकला होता, पण ताठा तोच होता. आतून तिशीच्या आतबाहेरची एक मुलगी उतरली, आणि ओळंब्याने तिची हनुवटी बघून मान फिरवली. बापाची हनुवटी होती ती, भांडायच्या तयारीत पुढे आलेली.

"ओळंबाकाका तुम्हीच ना?"

"कोण म्हणतं?"

"बाबा. तुम्ही त्यांना सुसाट म्हणायचात."

"अजून म्हणतो," ओळंबा बोलून गेला. मग त्याच्या लक्षात आलं, की इतक्या वर्षांत हे नाव त्याने तोंडातून काढलंच नव्हतं. त्याला जरा ओशाळल्यासारखं झालं.

मुलीने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. टेकडीची शर्यत यंदा पुन्हा सुरू होतेय. तिने नाव घातलंय, याच गाडीने. गाडी मात्र सरळ चालत नाही. तीन वर्कशॉप झाली. तिन्हीकडे मशीनवर सगळे आकडे हिरवे. तिन्हीकडच्या मेकॅनिकनी तिला घेऊन एक एक चक्कर मारली आणि सांगितलं, ताई, गाडीत काही नाही. "आणि मी शर्यतीचा सराव करायला घेऊन गेले की ओढते. टायरची आतली कड बघा, पार खाऊन टाकलीय."

"सुसाट काय म्हणतो?"

मुलगी किल्लीशी चाळा करत राहिली. "बाबांना सांगितलेलं नाही मी इथे आल्याचं. ते म्हणतात गाडी ओढत नसते, आपण घाबरतो. म्हणतात, मीही असाच भित्रा होतो, माझ्याकडूनच आलं असेल तुझ्यात." ती हसायला गेली, पण जमलं नाही. "काका, मला एवढंच बघून सांगा. गाडीत काही आहे, का माझ्यात?"

गाडी ओढत नसते, आपण घाबरतो, हे वाक्य सुसाटचं नव्हतं. ते ओळंब्याचं होतं.

तेव्हा दोघंही पस्तिशीच्या उंबरठ्यावर होते आणि अक्कल त्या मानाने कमीच होती. जुन्या कारखान्याच्या फाटकापासून टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत दरवर्षी शर्यत व्हायची. गाडीत दोघं बसायचे, एक चालवणार आणि दुसरा शेजारून वळणं सांगणार. सुसाट चालवायचा, ओळंबा सांगायचा. गाडी सुसाटची, हात ओळंब्याचे आणि रविवार दोघांचे, अशी वाटणी होती. त्या रविवारांची सर ओळंब्याच्या पुढच्या आयुष्यातल्या कुठल्याच दिवसाला आली नाही, हे त्याने बायकोलासुद्धा कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने शांतपणे विचारलं असतं, लग्नाच्या दिवसालाही नाही का?

गाडी खाली बसवायचं खूळ सुसाटचं. गाडी जमिनीला चिकटली की वळणावर उलटत नाही, एवढं त्याने कुठेतरी वाचलं होतं. दोघांनी स्प्रिंगा कापल्या, गाडी चार बोटं खाली आली, आणि दोघं लांब उभे राहून तिच्याकडे अर्धा तास नुसते बघत बसले. पंधरा दिवसांत टायरच्या आतल्या कडेला तार दिसायला लागली. गाडी खाली आली तशी चाकं फेंगडी झाली होती, वरून आत, खालून बाहेर. स्टीअरिंगचे दांडे तिरके झाले होते, आणि लहानशा खड्ड्यातसुद्धा चाकं मन मानेल तिकडे तोंड फिरवत होती.

मग अकरा रविवार ती चाकं सरळ करण्यात गेले. पाण्याची नळी धरून आधी वर्कशॉपची फरशी सम आहे का ते बघितलं. चाकांखाली ग्रीस लावलेले पत्रे सरकवले, म्हणजे चाक अडकून न राहता आपसूक फिरेल. गाडीच्या दोन्ही बाजूंना लोखंडी घोड्यांवर दोऱ्या ताणल्या, ओळंबे सोडले, कल काढायला आतल्या दांड्याच्या बोल्टमागे पातळ पत्र्याच्या चकत्या घातल्या, काढल्या, परत घातल्या. मापं घ्यायला ओळंब्याची बायको यायची, कारण ती शिवणकाम करायची आणि टेप धरावी तर तिनेच. ती आकडे खडूने भिंतीवर लिहायची. सुसाटची दीड वर्षाची पोर फरशीवर बसून जुन्या बेअरिंगच्या खुळखुळ्याशी खेळायची. तो खुळखुळा ओळंब्याने बनवला होता, आणि मुलगी तो सोडून दुसऱ्या कशाला हात लावत नसे. अकराव्या रविवारी गाडी सुतासारखी सरळ गेली. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी शर्यत त्यांनीच मारली.

तिसऱ्या वर्षी नियम बदलला. काय अपघात झाला कोण जाणे, पण ठरलं की गाडीत यापुढे एकच माणूस, चालवणारा. सुसाट सरावाला एकटा गेला आणि परत येऊन म्हणाला, गाडी ओढते. ओळंब्याने दोऱ्या लावल्या, मापं बरोबर निघाली. सुसाटशेजारी बसून तो रस्त्यावर गेला, गाडी सरळ. दोन दिवसांनी सुसाट परत आला, ओढते. परत दोऱ्या, परत चक्कर, परत सरळ. असं तीनदा झालं. ओळंब्याच्या नाकावर राग तसाही भाड्याने राहत नसे, मालकी हक्कानेच राहायचा. चौथ्या वेळी, रस्त्यावरचे सगळे मेकॅनिक चहाला जमलेले असताना, तो म्हणाला, "गाडी ओढत नाही, तू घाबरतोस. शेजारी मी नसलो की तुझे हात लटपटतात."

सगळे हसले. सुसाटही हसेल असं ओळंब्याला वाटलं होतं. सुसाटने किल्ली उचलली आणि गाडी घरी नेली. शर्यतीला तो आला नाही, आणि नंतर वर्कशॉपला कधीच आला नाही. पहिलं वर्षभर ओळंबा रोज त्याची वाट बघायचा. दुसऱ्या वर्षापासून आपण वाट बघत नाही असं त्याने ठरवलं, आणि ते ठरवणंच अठ्ठावीस वर्षं चाललं.

"आत घे," ओळंबा मुलीला म्हणाला.

पुतण्याने गाडी मशीनवर चढवली. चाकांना चकाकत्या तबकड्या लावल्या आणि पडद्यावर आकडे उमटले. सगळे हिरवे. "काका, खाली बसवलेल्या गाडीच्या मानाने एकदम झकास आहे," पुतण्या म्हणाला. "जुन्या माणसाने केलेलं दिसतंय."

एरवी ओळंबा यावर दोन दिवस खूश राहिला असता. आज त्याने फक्त किल्ली मागितली. नेहमी मालकाला शेजारी बसवून चक्कर मारायची, ही त्याची पद्धत. पण आज सुसाटच्या मुलीशेजारी बसायचा त्याला धीर झाला नाही. "तू थांब इथेच," तो तिला म्हणाला. "शेजारी माणूस असला की मला गाडीचं ऐकू येत नाही." हे साफ खोटं होतं. उभ्या जन्मात तो त्या गाडीत एकटा बसला नव्हता.

कारखान्यामागचा रस्ता आजही तसाच सरळसोट होता. ओळंब्याने वेग धरला आणि स्टीअरिंगवरची पकड सैल केली. गाडी शेजारच्या सीटच्या बाजूला निघाली. त्याला वाटलं रस्त्याचा उतार असेल. तो वळून उलट दिशेने आला. आता उतार दुसरीकडे होता, पण गाडी परत त्याच बाजूला निघाली. त्या रिकाम्या सीटकडे. जोरात नाही, पण सोडायचं नाव न घेता, एखाद्या पोराने बोट धरून दुकानाकडे ओढावं तशी.

परत येऊन त्याने आतूनच शेजारचं दार उघडलं. "बस," तो मुलीला म्हणाला.

ती शेजारी बसली. त्याच रस्त्यावर, त्याच वेगात, ओळंब्याने हात सैल सोडले. गाडी सुतासारखी सरळ गेली.

"उतर," तो म्हणाला.

"इथे?"

"इथेच."

तिला रस्त्याच्या कडेला उभं करून तो एकटा पुढे गेला. ओढते. परत येऊन तिला घेतलं. सरळ. परत उतरवलं. ओढते. चौथ्यांदा उतरताना मुलगी म्हणाली, "काका, मी चालत जाऊ का? तेवढाच व्यायाम होईल." ओळंबा हसला नाही. रस्त्याच्या मधोमध गाडी उभी करून तो स्टीअरिंगवर कपाळ टेकून बसला. मुलगी घाबरली. तिला वाटलं म्हाताऱ्याला काही झालं.

"तुझ्यात काही नाही," तो शेवटी म्हणाला. "गाडीतच आहे. तुझ्या बापातही काही नव्हतं."

घरी बायको खिडकीपाशी मशीनवर एका कोटाचं अस्तर जोडत होती. ओळंब्याने सगळं सांगितलं, तेव्हा तिने पाय थांबवला, पण कोट खाली ठेवला नाही.

"मग बरोबरच आहे," ती म्हणाली.

"काय बरोबर आहे?"

"अहो, मापं मी घेतली ना? तुम्ही म्हणालात, रिकामी गाडी मोजायची नाही, ज्या वजनाने चालणार त्या वजनाने मोजायची. मला पटलं. मीही कपडा हँगरवर मोजत नाही, अंगावर मोजते. मी विचारलं, गाडीत कोण कोण बसणार? आठवतंय?"

ओळंब्याला आठवत नव्हतं. किंवा आठवत होतं, पण त्याकडे त्याने कधी वळून बघितलं नव्हतं.

"भावजी म्हणाले, आम्ही दोघं, आणखी कोण बसणार? आणि तुम्ही दोघं ऐटीत आत जाऊन बसलात. दोघं तेव्हा सारख्याच वजनाचे होतात, ताडमाड आणि काटकुळे. मी घेतली मापं. दोघांच्या मापाची गाडी झाली ती. त्यातून एक उठला तर दुसऱ्याला कशी बसेल?"

"मग तेव्हा का नाही बोललीस? इतकं सगळं रामायण झालं तेव्हा?"

"मला काय ठाऊक भावजी एकटे असतानाच गाडी ओढते म्हणत होते? तुम्ही घरी येऊन एवढंच सांगितलंत की तो घाबरतो." तिने दात लावून दोरा तोडला. "आणि मी विचारलं होतं, कुणीकडे ओढते म्हणतात भावजी? तुम्ही म्हणालात, तुला काय कळतंय."

ती म्हणत होती ते अक्षरन् अक्षर खरं होतं. रिकामी गाडी मशीनवर घेतली तर दोन्ही बाजू सारख्या, म्हणून आकडे हिरवे. दोघं बसले तरी दोन्ही बाजू सारख्या, म्हणून गाडी सरळ. एकटा माणूस बसला की मात्र त्याची बाजू दबायची, दुसरी उचलली जायची, आणि इतक्या खाली बसवलेल्या गाडीत बोटभर उंची इकडची तिकडे झाली तरी चाकांचा कल बदलायचा. साध्या गाडीत हे जाणवलंही नसतं. एक माणूस बसवून ती गाडी आजवर कुणी मोजलीच नव्हती. आणि ओळंबा दरवेळी खात्री करायला जायचा तो स्वतः शेजारी बसून. आपणच वजन टाकून गाडी सरळ करायचो आणि उतरून मित्राला भित्रा म्हणायचो, हे त्याला आता एकदम, लख्ख दिसलं. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. गाडी दुरुस्त करणं अर्ध्या दिवसाचं काम होतं. गुपचूप करून दिली असती तर कुणाला कळलंही नसतं.

"चप्पल घाला," बायको म्हणाली. "बसून काय होणार?"

सुसाटने दार उघडलं ते काठी टेकत. एक गुडघा गेला होता, केस सगळे पांढरे झाले होते, आणि अंगाने तो आणखी वाळला होता. हनुवटी तेवढी जागेवर होती. ओळंब्याने रस्ताभर वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही वेळेवर आलं नाही.

"गाडी ओढते," तो म्हणाला.

सुसाटने दार अर्धवटच उघडं धरलं.

"तेव्हाही ओढत होती. मी दोघांच्या वजनावर लावली होती, आणि बघायलाही शेजारी बसूनच जायचो. चूक माझी होती. तू घाबरला नव्हतास."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतो. खाली उभी आहे. एकटा चालवून बघ."

"गुडघा बघतोयस ना माझा?"

"कारखान्यामागच्या रस्त्यापर्यंत मी नेतो. पुढे तेवढा सरळ रस्ता तू चालव."

सुसाटच्या चेहऱ्यावर राग हळूहळू चढत गेला. ओळंब्याने तो येऊ दिला. "अठ्ठावीस वर्षं," सुसाट म्हणाला. "सगळ्यांसमोर बोललास तू. ते हसले त्याचं मला काही नाही. पण तू कधी खोटं बोलत नाहीस, म्हणून मी ते खरं धरलं. आरशात बघून रोज स्वतःला सांगितलं, बाबा रे, तू भित्रा आहेस, भित्र्याने जपून राहावं. बढतीची बदली आली, गेलो नाही. पोरीला पोहायला पाठवलं नाही. तिला सांगितलं, तुझ्या रक्तातच आहे. आणि तू आज येतोस?"

"मला आजच कळलं."

"तुझी अक्कल आणि माझी गाडी, दोन्ही ताडपत्रीखाली होत्या वाटतं."

"हो," ओळंबा म्हणाला. "माफ कर मला."

सुसाटने काठी दुसऱ्या हातात घेतली आणि खुंटीवरचा सदरा मागितला.

कारखान्यामागे पोचल्यावर ओळंबा उतरला आणि सुसाटला चालवायच्या सीटवर बसवून दार लावलं. गाडी एक धक्का खाऊन निघाली, मग तिने वेग घेतला. ओळंबा कडेला उभा राहून बघत होता. लांबूनही त्याला दिसलं, गाडी सरळ जाता जाता कडेकडे झुकत होती आणि परत मध्ये येत होती, पुन्हा झुकत होती. रस्त्याच्या टोकाला ती थांबली आणि वळलीच नाही. ओळंबा एवढं अंतर चालत गेला. पोचला तेव्हा त्याला धाप लागली होती.

सुसाट दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवून बसला होता आणि रडत होता, कुणी बघेल याची फिकीर न करता. "किती स्पष्ट ओढते रे," तो म्हणाला. "आंधळ्याला कळेल. आणि मी तुझं ऐकलं."

ओळंबा वळसा घालून पलीकडे गेला आणि त्या रिकाम्या सीटवर जाऊन बसला. सीट तीच होती, दाराच्या खिशात वळणांची यादी लिहिलेली त्याची जुनी वही घडी होऊन पडली होती. सुसाटने डोळे पुसले, गाडी वळवली आणि वेग धरला. मग दोघांच्याही तरुणपणी करायचा तसा त्याने दोन्ही हात वर उचलले. गाडी नाकासमोर चालत राहिली. दोघं तसेच कारखान्याच्या भिंतीपर्यंत आले.

पुढच्या रविवारी पुतण्याचं मशीन बंद राहिलं आणि दोऱ्या निघाल्या. पुतण्याने माळ्यावरून लोखंडी घोडे काढून दिले आणि वर हेही ऐकवलं, की हे मोडीत जायला निघाले होते. फरशीवर नळी धरली, पत्र्यांना ग्रीस लावलं. सुसाट ओळंब्याच्या स्टुलावर बसून सगळ्यांना सूचना देत होता, आणि त्यातली एकही कुणी पाळत नव्हतं. ओळंब्याची बायको टेप गळ्यात अडकवून आली. अठ्ठावीस वर्षांनी बघत असूनही ती सुसाटला एवढंच म्हणाली, "भावजी, सदऱ्याचा खांदा उतरलाय तुमचा, टाकून जा माझ्याकडे." सुसाटने मान खाली घालून बरं म्हटलं.

मग ती गाडीसमोर उभी राहिली. "आता परत विचारते. नीट उत्तर द्या. गाडीत कोण बसणार?"

दोघं म्हाताऱ्यांनी मुलीकडे बघितलं.

"मी," मुलगी म्हणाली. "एकटी."

ती एकटी आत बसली, शर्यतीचे बूट आणि हेल्मेट घालून, म्हणजे वजनात वाल गुंजेचाही फरक पडायला नको. ओळंब्याने गाडी चारी कोपऱ्यांवर दाबून सोडली, स्प्रिंगा बसू दिल्या, मग दोऱ्या ताणल्या. बायको आकडे सांगत होती, भिंतीवर लिहीत होती. ओळंब्याने गुडघ्यांवर बसून एका बाजूच्या चकत्या काढल्या, दुसरीकडे घातल्या, दांडे फिरवले, परत मोजायला लावलं. सहा तास गेले. गाडी रिकामी बघितली तर आता चाकं दोन्हीकडे सारखी नव्हती, आणि पुतण्याने सांगितलं की मशीनवर घेतली तर अर्धा पडदा लाल होईल. "होऊ दे," ओळंबा म्हणाला.

मुलगी एकटी रस्त्यावर गेली. ते चौघं कारखान्याच्या भिंतीपाशी उभे राहून बघत होते. गाडी लांबून आली तेव्हा तिचे दोन्ही हात काचेतून वर दिसत होते, आणि गाडी रेषेत होती. सुसाटने ओळंब्याच्या खांद्यावर हात टेकला. गुडघ्यासाठी टेकला असेल, पण बराच वेळ काढला नाही.

मुलगी उतरली आणि बापासमोर येऊन उभी राहिली. सुसाट म्हणाला, "ओढत नाही ना आता?"

"नाही, बाबा."

"ओढली तर सांग. कुणाचं ऐकू नकोस, तुझ्या या बाबाचं तर नाहीच." मग त्याने हात पुढे केला. "आता किल्ली दे. आम्हाला एक चक्कर मारून येऊ दे."

दोघं बसले. आत शिरताना दोघांच्याही तोंडून एकाच वेळी कण्हल्याचा आवाज निघाला, आणि बाहेर ओळंब्याची बायको हसायला लागली. गाडी सरळ रस्त्याला लागली. ओळंब्याने दाराच्या खिशातली जुनी वही काढून मांडीवर घेतली होती, पण सरळ रस्त्यावर सांगायला वळणच नव्हतं. सुसाटने पकड सैल केली. थोडा वेळ तो स्टीअरिंगकडे बघत राहिला. मग सावकाश, जरा चाचरतच म्हणाला, "ओळंब्या, ओढतेय."

ओळंब्याने ना दोऱ्यांचा विचार केला, ना आकड्यांचा. "हो, ओढतेय," तो लगेच म्हणाला. "कुणीकडे?"

"माझ्याकडे."

"बरोबर आहे. माझं वजन आहे ना या बाजूला."

सुसाटने मान हलवली, स्टीअरिंग जरासं धरून ठेवलं आणि गाडी टेकडीच्या रस्त्याला घातली.